शेपट्यांची तार

डोळे मिटा आणि एक कोठार मनात आणा. घर नव्हे, कोठार. शाळेचा एक वर्ग दुसऱ्या वर्गाच्या डोक्यावर ठेवला तर होईल एवढे उंच, आणि आत गव्हाच्या पोत्यांच्या थप्प्या पार वरपर्यंत रचलेल्या. खिडकी नाही. दार लावले की भर दुपारी आपलाच हात आपल्याला दिसत नाही. वास मात्र भरपूर: तागाचा, धुळीचा, जुन्या गव्हाचा आणि थोडा उंदरांचा. आता कान द्या. वर, अगदी आढ्यापाशी, कोणीतरी घोरते आहे. जेवून आडवे झालेले आजोबा घोरतात ना, तसे. पण हलके, आणि एका वेळी चारपाच जण.

ती माणसे नव्हेत. ती गव्हाणी घुबडाची पिल्ले आहेत. भूक लागली की ती अशी घोरतात, आणि भूक त्यांना सारखीच लागलेली असते.

या कोठाराच्या भिंतीला टेकून एक खोली होती. तिच्यात कोठाराचा राखणदार, त्याची बायको आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी राहत. खोली कोठाराची होती. राखण आहे तोवर खोली. राखण गेली की त्याच दिवशी खोलीही गेली. बायको फाटकी पोती शिवायची. दाभण रुतू नये म्हणून ती तळहाताला चामड्याचा तुकडा बांधायची, तरी अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडलाच होता. मुलगी थप्प्यांवर सरसर चढायची, म्हणून हमाल तिला खारूताई म्हणत.

थप्पी आणि भिंत यांच्यामध्ये एक लाकडी शिडी होती. तिने वर गेले की आढ्याखाली एक रुंद तुळई लागायची. तिथल्या कोपऱ्यात घुबडांची जोडी राहत होती. भिंतीत एक वीट निखळून मोखा पडला होता, तोच त्यांचा दरवाजा. हमाल त्या घुबडांना 'वरचे साहेब' म्हणत. दिवसभर झोपतात, कोणाशी बोलत नाहीत आणि कपड्यांवर एक डाग नाही, मग साहेब नाही तर कोण, असे त्यांचे म्हणणे. मुकादम जवळपास नसला तरच ते हे म्हणत.

खारूताईने मादी अगदी जवळून पाहिली होती. पत्त्यातल्या बदामाला डोळे फुटावेत तसा पांढरा, चपटा चेहरा. त्यात दोन काळेभोर डोळे. पाठ पिकल्या गव्हासारखी सोनेरी, तिच्यावर राखेचे बोट उमटावे तसे करडे ठिपके. पाय लांब आणि पिसे आखूड, त्यामुळे धाकट्या भावाची विजार घातल्यासारखी दिसायची. कबुतर उडाले की टाळ्या वाजतात. ही उडायची तेव्हा काहीच वाजत नसे. तिच्या पंखांच्या पिसांना कडेला मऊ झालर असते, तिच्यात आवाज विरून जातो. शिवाय तिचा एक कान वर आणि एक खाली असतो. पोत्याच्या आड उंदराने दाणा कुरतडला की तो आवाज एका कानात आधी पोचतो, दुसऱ्यात किंचित नंतर आणि जरा हलका, आणि तेवढ्यावरून तिला उंदीर कुठे आहे ते मिट्ट काळोखात कळते. तुम्ही डोळे बांधून नुसत्या आवाजावरून पडलेली सुई शोधून पाहा म्हणजे हे काम किती अवघड आहे ते समजेल.

उंदीर ती सबंध गिळायची. डोके आधी, शेपूट शेवटी. लटकती शेपूट चोचीतून शेवयासारखी आत जाताना खारूताईने किती वेळा पाहिली होती. मग काही तासांनी ती मान ताणायची, उमासा आल्यासारखे करायची आणि एक काळपट गोळा बाहेर टाकायची. मांस तेवढे पोटात राहायचे. केस आणि हाडे त्या गोळ्यात. सकाळी कोठाराची जमीन अशा गोळ्यांनी भरलेली असे. आई ते झाडून चुलीत टाकायची. राखणदाराचे कोठार आरशासारखे असले पाहिजे, असे तिचे म्हणणे होते.

आता त्या कोठाराचा नियम सांगतो, कारण सगळे तिथेच अडले. राखणदाराने उंदीर मारायचे, त्यांच्या शेपट्या कापून तारेत ओवायच्या आणि ती तार दर शनिवारी मुकादमाला दाखवायची. मुकादम बघणार, मग शेपट्या आपल्यासमोर जाळायला लावणार, म्हणजे त्याच पुन्हा दाखवायला नकोत. असा नियम का, हे कोणी विचारत नसे. आवाराच्या पलीकडच्या बाजूला दुसरे कोठार होते. तिथल्या राखणदाराची तार झुपकेदार असायची. खारूताईच्या बापाची तार म्हणजे दोनचार शेपट्या, त्याही बारक्या.

त्या वर्षी पीक उशिरा आले आणि माल नेहमीपेक्षा फार दिवस कोठारात पडून राहिला. मालकाने मुकादमाला टोकले असावे. शनिवारी मुकादम आला तो रागातच. हमाल थप्पी लावत होते, आई दारात पोते शिवत होती. मुकादमाने तार बोटावर उचलली आणि बापाला विचारले की आठवडाभर तू झोपतोस किती आणि जागतोस किती. बाप म्हणाला, उंदीर फारसे नाहीतच.

“गव्हाच्या कोठारात उंदीर नाहीत,” मुकादम हमालांकडे वळून म्हणाला. “ऐका. उद्या म्हणेल, नदीत पाणी नाही.”

मग त्याने ती तार, दोन शेपट्यांसकट, बापाच्या गळ्यात घातली. दागिना म्हणून बायकोला दे, असे म्हणाला. हमाल हसले. त्यातल्या काहींना हसायचे नव्हते, पण मुकादम त्यांच्याकडेच बघत होता. बाप तसाच उभा राहिला. तार काढावी की मुकादम जाईपर्यंत राहू द्यावी हे त्याला कळेना. आईच्या हातातले दाभण पोत्यात अर्धे गेलेले होते. ते तिने पुढेही ओढले नाही आणि मागेही घेतले नाही.

पुढच्या शनिवारी तार भरलेली नसेल तर खोली रिकामी करायची, एवढे सांगून मुकादम गेला.

खारूताईला बापाची कीव आली, आणि उंदीर कुठे जातात याचे उत्तर तिला माहीत होते. दुसऱ्या दिवशी आईने झाडायच्या आधी तिने गोळे वेचले, परातीत पाण्यात भिजत घातले आणि काडीने उकलले. केस पाण्यावर तरंगले, हाडे तळाला बसली. कवट्या, बरगड्या, केसाएवढे बारीक पाय आणि पिवळे दात असलेले जबडे. तिने जबडे निवडून कागदावर ओळीने मांडले. ओळ कागदाच्या कडेपर्यंत गेली, मग दुसरी, मग तिसरी.

बाप बराच वेळ बघत राहिला. हे सगळे या एकाच कोठारातले, असे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मग त्याने कागदाची पुडी केली, अंगात धुतलेला सदरा घातला आणि मुकादमाकडे गेला.

तो फार लवकर परत आला. मुकादमाने पुडी उघडून पाहिली होती आणि हाडे कुठूनही गोळा करता येतात, असे म्हणून टेबलावरून ढकलून दिली होती. नियम शेपटीचा आहे, जबड्याचा नाही. बापाने सदरा काढून खुंटीला अडकवला. त्याआधी खिशात सांडलेले दोन जबडे काढून दाराबाहेर टाकले.

“ती माझ्या शेपट्या खाते,” तो म्हणाला.

“पण बाबा, उंदीर तर मेलाच ना?”

“मेला. पण माझ्या नावावर नाही मेला.”

दोन दिवस तो मोख्याकडे मान वर करून बघत होता. तिसऱ्या दिवशी तो पत्र्याचा तुकडा, खिळे आणि हातोडी घेऊन आला. आईने पोते बाजूला ठेवले.

“अहो, पिल्लं आहेत आत.”

“मलाही एक आहे,” तो म्हणाला.

तो वाईट माणूस नव्हता. दिवेलागणीला दोन्ही घुबडे बाहेर पडेपर्यंत तो थांबला, ती आत कोंडली जाऊ नयेत म्हणून, आणि मगच त्याने मोख्यावर पत्रा ठोकला. चार दिवसांचा प्रश्न आहे, तार एकदा भरली की पत्रा काढतो, असे त्याने मुलीला सांगितले. पाखराला आभाळ काय कमी आहे, असेही म्हणाला. पण मोठ्या पाखरांना आभाळ होते. पिल्लांना उडता येत नव्हते.

थोड्या वेळाने मादी परत आली. तिच्या पंजात उंदीर होता. मोख्याच्या जागी पत्रा बघून ती भिंतीला धडकता धडकता वळली आणि मग ओरडली. गव्हाणी घुबड घुमत नाही बरं का. नवे कापड एका दमात टरकन फाडावे तसा तिचा आवाज असतो. खोलीतल्या तिघांनीही तो ऐकला. बापाने कूस बदलली. आतली पिल्ले तिच्या आवाजाला उत्तर म्हणून आणखी जोरात घोरू लागली.

सकाळी खारूताई शिडी चढून गेली. पाच पिल्ले होती. घुबड सगळी अंडी एकदम घालत नाही. दोन दिवसांआड एकेक घालते, म्हणून पिल्ले उतरंडीच्या मडक्यांसारखी असतात, मोठ्यात मोठे ते लहानात लहान. सगळ्यात मोठ्याला खरी पिसे फुटत होती. सगळ्यात लहान म्हणजे कापसाचा बोळा आणि त्याला एक नाक. तिला बघून ती सगळी मागे सरली, डोकी खाली घालून डावीकडून उजवीकडे झुलू लागली आणि फिस्कारली. मग भूक भीतीला भारी पडली आणि ती पुढे आली.

तिने डोके चालवले. बापाने उंदीर धरायचे पिंजरे वाढवले होते. मादी आत येत नाही म्हटल्यावर उंदीर धीट झाले आणि पिंजऱ्यांत सापडू लागले. बाप ते बुडवून मारायचा, आईची सुतळी कापायची कात्री घेऊन शेपट्या कापायचा आणि उंदीर खड्ड्यात टाकायचा. तिने बापाला म्हटले, शेपूट तुमची, उंदीर माझा. बापाने तिच्याकडे पाहिले. त्या आठवड्यात तो पहिल्यांदा हसला, आणि चालेल म्हणाला.

मोठे पिल्लू अख्खा उंदीर गिळायचे. लहानासाठी तिला कात्रीने तुकडे करावे लागत. पहिल्या वेळी तिला ओकारी आली, दुसऱ्या वेळी आली नाही. धक्काबुक्कीत लहानाच्या वाट्याला नेहमी शेवटचे यायचे. ती त्याच्यासाठी तुकडा मुठीत लपवून ठेवायची, तरी मोठे तिच्या बोटांतून तो ओढून न्यायचे.

शनिवारी तार भरली होती. पुढच्या शनिवारी दोन तारा लागल्या. मुकादमाने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि पलीकडच्या राखणदाराला बोलावून त्या दाखवल्या. गळ्यात घातलेली तार सगळे विसरले, निदान तसे दाखवू लागले. आईने खोलीची जमीन सारवली. मुलीने पत्र्याची आठवण करून दिली तेव्हा बाप म्हणाला, आता काढला तर तार पुन्हा उतरेल, मग काय सांगू? माल गेला की काढू. बाहेर मादीचे ओरडणे एक दिवसाआड झाले, मग कधीतरी, मग थांबले.

उंदीर मात्र थांबेनात. उंदराला महिन्यात पिल्ले होतात आणि ती पिल्ले दोनतीन महिन्यांत आईबाप होतात. पिंजऱ्यात येतात त्याच्या कितीतरी पट थप्पीच्या पोटात वाढतात. चालताना हमालांच्या पायाखाली गहू कुरकुरू लागला. आईकडे शिवायला येणाऱ्या पोत्यांचा ढीग दाराएवढा झाला, आणि भोके सगळी खालच्या कोपऱ्यांत. एका हमालाने बापाला हळूच सांगितले, राजा, तुझ्या तारेपेक्षा तुझी पोती जास्त बोलतायत.

मग मुकादमाने विषाच्या निळ्या गोळ्या पाठवल्या. बापाने त्या थप्प्यांच्या फटींत ठेवल्या, हात तीनदा धुतले आणि मुलीला बजावले की जमिनीवर पडलेल्या मेल्या उंदराला हात लावायचा नाही. तिने लावला नाही. ती फक्त पिंजऱ्यातलेच घेत राहिली. पिंजऱ्यातले जिवंत होते, हलत होते, बापाने बुडवेपर्यंत तिच्याकडे टकमक बघत होते. हल्ली ते जरा सुस्त असत, एवढेच.

एका सकाळी घोरणे ऐकू आले नाही.

ती वर गेली तर मोठे पिल्लू तुळईवर पालथे पडले होते. त्याची सगळी पिसे आता आली होती. पाठ सोनेरी, आईसारखी. चोचीच्या टोकाला रक्ताचा थेंब वाळला होता. दुसरे त्याच्या शेजारी, तिसरे भिंतीला टेकून बसल्यासारखे, चौथे त्याच्याखाली. ती उतरली आणि बापाचा हात धरून त्याला वर घेऊन आली.

बापाने मोठ्याला उलटे केले. त्याच्या पायाशी अर्धा राहिलेला उंदीर पडला होता. बापाने तो काडीने उलगडला. त्याच्या पोटात निळे होते.

“पिंजऱ्यातला?”

“हो. जिवंत होता, बाबा. तुम्हीच बुडवलात.”

बाप शिडीच्या टोकावर बसला.

“विष खाल्लेलाही दोनतीन दिवस जिवंतच असतो गं.”

तिने ते ऐकले. तिने आपला उजवा हात परकराला पुसला. मग पुन्हा पुसला. खाली येऊनही ती तो पुसतच होती, आणि आईने शेवटी तो हात धरून आपल्या काखेत दाबून ठेवला.

लहान पिल्लू मेले नव्हते. ज्याच्या तोंडचा घास रोज पळवला जायचा ते तेवढे उरले. ते कोपऱ्यात फिस्कारत होते. त्या दिवसापासून तिने उंदरांना हात लावला नाही. आवारामागच्या नाल्यात उतरून ती बेडूक धरायची, चिखलाने पोटऱ्यांपर्यंत माखायची आणि ते तुकडे करून वर न्यायची. पिल्लू ते नाखुशीने खायचे. त्याचे पोट कधी भरले नाही. पण सकाळी ते घोरायचे.

माल उचलायची वेळ आली. वरची पोती नीट निघाली, मधली हलकी लागली. मग हमालांनी खालच्या थरातल्या पोत्यांना लोखंडी आकडे लावले आणि पोती त्यांच्या हातात नुसती वर आली, कपड्यासारखी. गहू खाली भुकटी होऊन पडला होता, लेंड्यांत कालवलेला. दोन थर असेच गेले. हमालांनी काम थांबवले आणि कोणी कोणाकडे पाहिले नाही.

मुकादम उकिडवा बसला. त्याने ती भुकटी मुठीत घेऊन सोडली. त्यालाही वर कोणाला तरी तोंड दाखवायचे होते. राखणदार म्हणाला, साहेब, तारा तर तुम्ही बघितल्यात, दर शनिवारी भरलेल्या होत्या.

“तेच म्हणतो मी,” मुकादम म्हणाला. तो ओरडला नाही. “एवढे मारलेस म्हणजे एवढे होऊ दिलेस.”

बापाने उत्तर द्यायला सुरुवात केली. घुबड, पत्रा, शेपट्या, हे सगळे कुठल्या टोकाने सांगावे ते त्याला जुळवता येईना. घुबड होतं साहेब, एवढेच तो म्हणाला, आणि हमालांपैकी कोणीतरी खोकले. मुकादम उठून गेला. संध्याकाळी निरोप आला की नवा राखणदार सकाळी येतो आहे.

त्या संध्याकाळी बापाने शिडी चढून पत्रा काढला. खिळे गंजले होते, एक निघेना, तो त्याने वाकवला. मोख्यातून थोडा उजेड आत आला. पिल्लाने त्याकडे पाठ केली. बाप तिथेच वाट बघत बसला, आणि खाली मुलगी. बाहेर वटवाघळे फिरली, दूर कुत्री भुंकली. कापड फाटल्यासारखा आवाज काही आला नाही.

सकाळी त्यांचे सामान हातगाडीवर मावले. दाभणे, चामड्याचा तुकडा, अंथरुणे, परात. नवा राखणदार आला तो तरुण होता, त्याची बायको पोटुशी होती आणि त्यांच्याबरोबर सहासात वर्षांची एक मुलगी होती, तोंडात बोट घातलेली. मुकादम नव्या माणसाला दारातच उभा करून तारेचा नियम समजावून देत होता. शेपूट मुळापासून कापायची, असे सांगत होता. नवा माणूस प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

बापाने एकदा तोंड उघडले, दादा, एक सांगू का, असे म्हणाला. मुकादमाने त्याच्याकडे पाहिले. नव्या माणसानेही पाहिले, काढून टाकलेल्या माणसाकडे बघतात तसे. बापाने गाडीची मूठ धरली.

खारूताई त्या लहान मुलीला कोठारात घेऊन गेली. आत आता थप्प्या नव्हत्या. पावलांचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. पोरगी घाबरून तिला चिकटली. वर घोरणे चालू होते.

खारूताईने तिला सगळे सांगितले. वर एक पिल्लू आहे. ते फिस्कारेल, चावणार नाही. नाल्यात पलीकडच्या काठाला बेडूक असतात. उंदीर द्यायचा नाही. पिंजऱ्यातला जिवंत दिसला, तुझ्याकडे बघत असला, तरी द्यायचा नाही. मोख्याला तुझे बाबा पत्रा लावायला लागले, तर त्यांचा हात धरायचा.

पोरगी ऐकत होती की नाही कोण जाणे. ती बोट चोखत वरच्या अंधाराकडे बघत होती. शिडीची पहिली पायरी तिच्या गुडघ्याच्याही वर येत होती. बाहेरून आईची हाक आली, मग बापाची.

खारूताईने हाकेला ओ दिली. मग ती खाली बसली, त्या पोरीचा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर ठेवला.